अर्ध्या गुणाचे कारण

मुरुडच्या एका विद्यार्थ्याचा अर्धा गुण का कापला, हे त्याला समजावून सांगण्यासाठी मन्मथअप्पा बिडवे एका रविवारी लातूरहून एसटीने मुरुडला गेले होते. ही ऐकीव गोष्ट नव्हे. शेजारच्या आसनावर मी होतो. मुलगा तापाने फणफणलेला असल्यामुळे शनिवारी कॉलेजात येऊ शकला नव्हता, आणि सोमवारी घटक चाचणीचे गुण फलकावर लागायचे होते. "कारण कानावर पडायच्या आधी गुण भिंतीवर लागला, तर ती चोरी झाली, सर," असे म्हणून अप्पांनी मला जवळजवळ ओढतच बसस्थानकावर नेले.

सुटीच्या दिवशी दोन प्राध्यापक दारात उभे पाहून त्या घराचे अवसानच गळाले. मुलाच्या आईने पदर तोंडाशी नेला. चुलत्यांना अडतीवरून बोलावणे गेले. सगळे घर खाटेभोवती जमल्यावर अप्पांनी पिशवीतून उत्तरपत्रिका काढली, चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला आणि सुरुवात केली.

"प्रश्न दुसरा. चार कारणं मागितली होती. तीन पुरी लिवलीस. चौथ्यात दुष्काळ लिवलंस, पण दुष्काळानं पुढं काय झालं ते लिवलं न्हाईस. म्हणून अर्धा गेला. पटतंय का?"

गोधडीतून "हाव सर" असा क्षीण आवाज आला.

"एवढंच व्हय?" चुलते म्हणाले. "मी वजनकाटा तसाच टाकून आलो की!"

"एवढंच कसं?" अप्पा खरोखर दुखावले होते. "अर्धा गुण हाय, पाटील."

आम्हांला भाकरी आणि शेंगांची चटणी खाऊ घालून त्या घराने निरोप दिला. परतीच्या प्रवासात अप्पा फार प्रसन्न होते. "पोराला पटलं," एवढे एकच वाक्य त्यांनी लातूर येईपर्यंत तीनदा उच्चारले.

मन्मथअप्पा इतिहास शिकवत, मी राज्यशास्त्र. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही पंचवीस वर्षे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. मूळचे ते उदगीरचे, लिंगायत वाण्याच्या घरातले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा, आणि भेटणाऱ्या प्रत्येकाला "शरणार्थ". मन्मथ हे मदनाचे नाव या गृहस्थाला कुणी ठेवले असेल, असा प्रश्न नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी पडे आणि दुसऱ्या दिवशी ते तो विसरत, कारण दुसऱ्या दिवशी अप्पा त्यांना आपला नियम सांगत. "पेपरात आपण पोरांना म्हणतो, कारणे द्या. न्हाई दिली तर गुण कापतो. मग कापणाऱ्यानं कारण नको द्यायला? कारणाशिवाय कपात म्हंजे खिसेकापूपणा."

हा नियम त्यांनी केवळ उत्तरपत्रिकांना लावला असता तर लोकांनी त्यांना आदर्श शिक्षक म्हणून सोडून दिले असते. अप्पा तो सृष्टीला लावत. चहा कपाच्या काठापासून बोटभर खाली असला की ते हॉटेलवाल्याला शांतपणे विचारत, "कारण?" एसटी उशिरा आली की वाहकाला विचारत, आणि त्याने "टायर" असे तुसडेपणाने म्हटले तरी समाधानाने मान हलवून जागेवर बसत. एका न्हाव्याने त्यांना दुकानात घेणेच बंद केले होते. "गुरुजी, डावीकडचं जास्त का कापलं म्हणून इचारतेत. मी काय लिहून देऊ का?" असे तो मला म्हणाला होता. अप्पांचा राग मात्र मी कधी पाहिला नाही. कारण मिळाले की ते कोणतीही गोष्ट सोसत.

चाचणीनंतरचा शनिवार हा त्यांचा मोठा दिवस. इतिहास विभागाच्या व्हरांड्यात समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या जात. एकेक विद्यार्थी येई, बसे, आणि अप्पा त्याला कापलेल्या प्रत्येक गुणाचे कारण सांगत. तेच कारण उत्तरपत्रिकेच्या समासात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलेही असे. विद्यार्थ्याला हरकत घेण्याचा अधिकार होता. हरकत योग्य ठरली तर अप्पा गुण वाढवत, त्यापुढे सही करत, उठून विद्यार्थ्याला हात जोडत आणि त्या दिवशी पुन्हा खुर्चीवर बसत नसत. बिलोलीहून शिकायला आलेल्या एका तल्लख मुलीने सकाळी साडेदहालाच हरकत जिंकली, तेव्हा ते संध्याकाळपर्यंत उभे होते. सोमवारी पाय सुजल्याने रजेवर गेले. अर्जात रजेचे कारण त्यांनी "परीक्षकाची चूक" असे लिहिले.

तपासण्यापूर्वी ते प्रत्येक उत्तरपत्रिकेवरचे नाव वर्तमानपत्राच्या पट्टीने झाकत. पट्टीची वरची कड तेवढी गव्हाच्या खळीने चिकटवत, म्हणजे गुण दिल्यावर ती उचलून नाव वाचता येई; त्या खळीमुळे एका वर्षी उंदरांनी बारावीच्या एका तुकडीची सर्व नावे खाऊन टाकली आणि उत्तरे तेवढी शिल्लक ठेवली. "उंदीर निःपक्षपाती हायेत," अप्पा म्हणाले.

अशा माणसाविषयी लिहायला मी फार उशिरा बसलो आहे आणि लिहिण्याचा सरावही मला नाही. तरीही लिहितो, कारण या सर्व वर्षांत अप्पांनी एकाच विद्यार्थिनीला खरे कारण दिले नाही, आणि ती त्यांची मुलगी होती. त्या प्रकरणात माझीही सही आहे.

गिरिजा नववीत असताना तिची आई गेली. घरात बाप आणि लेक दोघेच उरले, आणि दोघांनाही बोलण्याची सवय नव्हती. एका वाक्यात उत्तरे द्या, अशा धर्तीवर त्यांचा संसार चाले. पुढे ती आमच्याच कॉलेजात आली आणि तिने इतिहास घेतला. इतिहासाला दुसरा शिक्षक नव्हता. अप्पांनी आपणहून प्राचार्यांना लिहून दिले की विद्यार्थिनी माझी मुलगी आहे, तेव्हा तिच्या उत्तरपत्रिकांवर नियामक नेमावा. नियामक म्हणजे परीक्षकाचे गुण बरोबर आहेत की नाहीत हे पाहून सही करणारा दुसरा शिक्षक. मला नेमले गेले. दोन वर्षांत अकरा चाचण्या झाल्या आणि मी अकरा सह्या केल्या.

गिरिजाला नेहमी बरे गुण पडत. उत्तम कधीच नाही. तिला इतिहासात एम.ए. करायचे होते असे अंधुक आठवते. बारावीनंतर तिने औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतली, लग्न होऊन नांदेडला गेली आणि तिथल्या एका औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहू लागली. "इतिहास माझ्या बुद्धीला झेपत न्हाई, सर," असे ती मला जाताना म्हणाली होती. मी "असे काही नसते" अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटलो होतो.

आता यंत्राकडे वळतो. दोन वर्षांपूर्वी, अप्पांच्या निवृत्तीला एक वर्ष उरले असताना, आमच्या संस्थेने उत्तरपत्रिका तपासणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आणायचे ठरवले. लातुरात पालक निकालाची वाट पाहत नाहीत, निकालाचा पाठलाग करतात. उत्तरपत्रिका स्कॅन केली की तासाभरात गुण पालकांच्या मोबाईलवर, ही कल्पना ऐकून प्राचार्यांच्या चेहऱ्यावर तेज आले. कंपनीतर्फे कोमल नावाची एक अभियंता आली. मूळची नांदेडची, तिशीची, हसतमुख. वर्णनात्मक उत्तरांच्या विषयांत इतिहास होता, आणि विभागप्रमुखाच्या सहीशिवाय यंत्र सुरू होणार नव्हते. विभागप्रमुख म्हणजे अर्थातच अप्पा.

"गुण का कापला ते सांगतं का हे?" अप्पांचा पहिला प्रश्न.

"सांगतं ना सर! चार ओळींत सांगतं."

अप्पांनी एक उत्तरपत्रिका दिली. यंत्राने दहापैकी सात गुण दिले आणि अत्यंत सुसंस्कृत मराठीत चार ओळींचे कारण दिले. अप्पांनी मान डोलावली, चहा मागवला, तो संपेपर्यंत इकडचे तिकडचे बोलले आणि तीच उत्तरपत्रिका पुन्हा यंत्रात घालायला सांगितली. या वेळी साडेपाच गुण आले. सोबत चार ओळींचे कारण होते, आणि तेही तितकेच सुसंस्कृत.

"दोन्ही कारणं चांगली हायेत," अप्पा विचारपूर्वक म्हणाले. "कोमलताई, हे आधी आकडा ठरवायलंय आणि मग कारण हुडकायलंय. ह्याला तपासणं म्हणत न्हाईत. ह्याला वकिली म्हणतेत."

कोमल मनमोकळेपणाने हसली. मग म्हणाली, "सर, त्याला खरी कारणं शिकवावी लागतात. गुण आणि कारण दोन्ही असलेले जुने पेपर पाहिजेत, भरपूर. पण तसं कोण लिहितं हो? सगळे नुसता आकडा टाकून मोकळे होतात."

माझी नजर अप्पांकडे गेली. अप्पांच्या माळ्यावर पाच पत्र्याच्या पेट्या होत्या आणि त्यांत त्यांनी आयुष्यभर तपासलेल्या चाचण्यांच्या उत्तरपत्रिका होत्या. विद्यार्थी त्या पाहून परत करत आणि वर्ष उलटले की कॉलेज त्या रद्दीत काढी. अप्पा त्या घरी नेत. पुढेमागे कुणी कारण विचारायला आला तर, हे त्यांचे स्पष्टीकरण. एकदा एक जण खरोखर आला होता. स्वतःच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या त्या जुन्या विद्यार्थ्याने थट्टेने विचारले, "सर, अकरावीत माझा दीड गुण का कापला होता?" अप्पा माळ्यावर चढले आणि दहा मिनिटांत उत्तरपत्रिका घेऊन उतरले. नवरदेवाला पटले.

पेट्या रिक्षातून कॉलेजात आल्या, तो दिवस मला स्पष्ट आठवतो. अप्पा रिक्षाबरोबर चालत आले होते, कारण आत जागा उरली नव्हती. कोमलने पहिली उत्तरपत्रिका उघडली, समास पाहिला आणि पान डोळ्यांजवळ नेऊन तो शेवटपर्यंत वाचला. "सर," ती शेवटी म्हणाली, "असं मी कुठंच पाहिलं नाही." अप्पा लाजले. मी त्यांना लाजताना तेव्हा प्रथमच पाहिले.

महिनाभर स्कॅनिंग आणि यंत्राचे शिक्षण चालले. मग कोमलने यंत्राची परीक्षा घेतली. अप्पांचे गुण झाकून त्याच उत्तरपत्रिका यंत्राला तपासायला दिल्या आणि दोघांच्या गुणांची तुलना केली. निकाल सांगायला तिने प्राचार्यांना, अप्पांना आणि मला एकत्र बसवले.

"मशीन आणि बिडवे सर जवळजवळ सगळीकडं सारखेच," ती उत्साहाने म्हणाली. "कारणंसुद्धा सारखी यायलीत. फक्त अकरा पेपर वेगळे पडलेत. तिथं मशीन दरवेळी दोन-अडीच गुण जास्त देतंय. आणि गंमत बघा, त्या अकरा पेपरांवर सरांनी जे कारण लिहिलंय, ते बाकी एकाही पेपरावर नाही."

"काय लिहिलंय?" प्राचार्यांनी विचारले.

"'विवेचन अधिक सखोल हवे.' अकराही ठिकाणी तेच. बाकी ठिकाणी सर नेमकं लिहितात. चौथ्या कारणाचा परिणाम नाही, साल चुकलं, असं. इथं नुसतंच सखोल."

तिने त्या अकरा उत्तरपत्रिका टेबलावर ठेवल्या. नावांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या तशाच होत्या. त्या कुणाच्या हे कोमलला माहीत असण्याचे कारण नव्हते. अप्पांनी वरची उत्तरपत्रिका जवळ ओढली. पट्टीला त्यांनी हात लावला नाही. ज्या हाताला आपणच पाटीवर गिरवायला शिकवले, त्या हाताचे अक्षर पट्टीखाली झाकले जात नाही. मीही ते अक्षर ओळखले. खाली कोपऱ्यात माझी सही होती.

"वगळून टाका," प्राचार्य म्हणाले. "स्कॅनिंगचा दोष म्हणा. सोमवारी अध्यक्ष उद्घाटनाला यायलेत. यंत्र आणि अप्पा शंभर टक्के एक, असं सांगता येईल."

"वगळता येईल," कोमल म्हणाली. "एक क्लिक आहे. नाहीतर प्रत्येक फरकाचं कारण सरांना फॉर्ममध्ये भरावं लागेल, आणि ते रेकॉर्डला राहील."

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिले. ते म्हणाले, "शनिवारपर्यंत वेळ द्या."

त्या दोन-तीन दिवसांत अप्पांनी कुणालाही कशाचे कारण विचारले नाही. चहा बोटभर खाली आला, त्यांनी तो पिऊन टाकला. शनिवारी दुपारी आम्ही दोघेच विभागात होतो.

"सर, नियामक तुम्ही होतात," ते अचानक म्हणाले.

"हो."

"तुम्हाला गुण कमी वाटले होते का?"

या प्रश्नाची मी कित्येक वर्षे भीती बाळगली होती, आणि तो विचारला गेल्यावर उत्तर फार सोपे निघाले. "वाटले होते. पहिल्या पेपरालाच वाटले होते."

"मग सही का केली?"

"जो माणूस अर्ध्या गुणासाठी मुरुडला जातो," मी म्हणालो, "त्याला 'तुमचे चुकले' म्हणायचा मला धीर झाला नाही, अप्पा. मला वाटले, मलाच कळत नसेल."

त्यांनी मान खाली घातली. ज्याच्या न्यायाची ख्याती होते त्याला कुणी कारण विचारीत नाही, हे मला त्या क्षणी उमगले. यंत्राबद्दलही मला पुढे हीच भीती वाटत राहिली.

"लोक म्हणतील, पोरीला दिले," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "म्हणून हात आखडायचा. आकडा आधी घातला, सर. कारण मागून लिवलं."

मग त्यांनी मोबाईल काढला. तो ते नेहमी टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात बोलत, कारण कानाला लावलेल्या यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. मी उठू लागलो, तर त्यांनी हातानेच बसायला सांगितले.

"अप्पा? ह्या टायमाला फोन?" पलीकडून गिरिजाचा आवाज आला. दुकानात गर्दी होती. "तब्येत बरी हाय न?"

"बरी हाय. गिरिजा, बारावी, दुसरी चाचणी. प्रश्न तिसरा." त्यांचा आवाज व्हरांड्यातल्या खुर्चीवरचा झाला होता. "तुला दहापैकी सहा दिले होते. साडेआठ पाहिजे होते."

"काय? थांबा, अप्पा. काका, ही जेवल्यावर घ्यायची, उपाशीपोटी नको. हाव, सकाळ-संध्याकाळ. बोला अप्पा, काय म्हणालाव?"

"अडीच गुण मी विनाकारण कापले. अकराही पेपरांत कापले."

पलीकडे दुकानाचे आवाज चालू होते. कुणीतरी खोकल्याचे औषध मागत होते.

"कारण तर लिवलं होतं की," गिरिजा म्हणाली. "विवेचन अधिक सखोल हवे."

"तुला ध्यानात हाय?"

"ध्यानात? मी दोन वर्षं सखोल म्हंजे काय तेच हुडकत होते, अप्पा. ज्यांना जास्त पडायचे त्यांचे पेपर मागून आणायचे, घरी बसून बगायचे, ह्याच्यात असं काय हाय म्हणून. कायच सापडायचं न्हाई. मग वाटलं, ते मला दिसतच नसंल. ज्याला दिसत न्हाई त्यानं इतिहास कशाला घ्यावा?"

अप्पांचे दोन्ही हात टेबलावर उपडे होते. "हरकत का घेतली न्हाईस? सगळ्यांना मोकळीक होती. मी उभा राहिलो असतो."

सुटे पैसे मोजल्याचा आवाज आला; मग ती थोडी बाजूला गेली असावी, कारण गर्दी दूर झाली.

"आई गेल्यावर घरात तुम्ही कितीदा माझ्यासमोर बसून बोललाव, अप्पा? शनिवारी बसायचाव. दहा मिनिटं. माझ्याकडं बगून बोलायचाव. हरकत घेतली की तुम्ही उठून उभे राहायचाव, मग पुढचा नंबर. मी कशाला घेईन हरकत?"

अप्पांनी मोबाईल टेबलावरून थोडा माझ्याकडे सरकवला.

"कोण हाय तिथं तुमच्याजवळ?" तिने विचारले.

"सूर्यवंशी सर हायेत."

"सरांची सही होती न त्याच्यावर?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. "नमस्कार, सर."

मी नमस्कार म्हणालो की नुसती मान हलवली, हे मला आठवत नाही. फोनवर मान हलवून उपयोग नसतो, एवढे खरे.

"आता गुण वाढवू नका, अप्पा," ती शेवटी म्हणाली. "कुणाला दाखवू मी? ठेवते. लोक थांबलेत."

पुढे काय झाले ते इथेच सांगून टाकतो. यंत्र ठरल्याप्रमाणे सुरू झाले आणि आजही चालू आहे. ते कारणे देते. बऱ्याचदा नेमकी देते, आणि ती वाचताना समासातली मुंग्यांची रांग मला दिसते. पालक समाधानी आहेत. हरकतीसाठी मोबाईलवर एक बटण आहे. व्हरांड्यातल्या खुर्च्या प्रयोगशाळेत नेल्या. वर्षभराने अप्पा निवृत्त झाले. गिरिजा दिवाळीला आली होती. दोघे बोलतात की नाही, ते मला ठाऊक नाही आणि विचारायचा मला अधिकार नाही.

पण त्या शनिवारी फोन बंद झाल्यावर अप्पा उठले आणि कोमल बसली होती त्या खोलीत गेले. मी मागून गेलो. तिने फॉर्म उघडून दिला. एकाखाली एक अकरा ओळी होत्या, आणि प्रत्येकीपुढे "फरकाचे कारण" असे लिहिलेले होते. निवडायला पर्याय होते : पान गहाळ, अक्षर अवाचनीय, बेरजेची चूक, स्कॅनिंगचा दोष. सर्वांत खाली 'इतर' होते.

"सर, स्कॅनिंगवर टिक केलं की झालं," कोमल म्हणाली. "कुणी विचारणार नाही."

अप्पांनी 'इतर' निवडले. एक लहान चौकट उघडली. त्यांनी उजव्या हाताची तर्जनी पुढे केली आणि कळफलकावर एकेक अक्षर शोधत लिहिले : "परीक्षक वडील होते."

कोमलने ते वाचले. तिने एकदा त्या गठ्ठ्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि तिच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. थोड्या वेळाने ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही बसा आता. हेच कॉपी करून मी खालच्या दहा ओळींत टाकते. एका सेकंदाचं काम आहे."

"नको, ताई," अप्पा म्हणाले. "कापले होते ते एकेक करूनच."

आणि ते दुसऱ्या ओळीसाठी पहिले अक्षर शोधू लागले.